अकरा उपकरणांचा तक्ता

लेकीचा नागपुरातला कबड्डीचा अंतिम सामना नेटवर थेट दिसणार होता आणि आप्पांना नातीला मोठ्या पडद्यावर खेळताना बघायचं होतं. टीव्हीवर नेट दिसावं म्हणून त्याला स्टिक जोडावी की बॉक्स, यावर मी तीन आठवडे अभ्यास केला. अकरा उपकरणांचा तक्ताही केला.

“अरे, आण की कुठलंही,” आप्पा म्हणाले.

“असं कुठलंही आणून चालत नाही, आप्पा!”

सामन्याच्या दिवशी सगळ्यांत सरस बॉक्स घेऊन घरी पोचलो, तर दाराला कुलूप. शेजारी तांडेलांच्या टीव्हीसमोर बसून आप्पा नातीच्या चढाईला टाळ्या वाजवत होते.

“तुमच्याकडे कुठलं मॉडेल आहे?” मी दबक्या आवाजात तांडेलांना विचारलं.

“काय की! दुकानदारानं दिलं ते लावलं,” ते म्हणाले. “जरा बाजूला सरका. आप्पांना दिसत नाहीये.”