गळ्याइतकं पाणी

ओहोटी लागली तशी यमुआजी नव्या खाडीत उतरली. काठावर अभियंता तन्वीर मुकादम श्वास रोखून उभा होता. बंदराच्या भरावाखाली बुजलेल्या या खाडीचा एकही नकाशा उरला नव्हता. म्हणून सरकारी यंत्राने आजीच्या डोक्यातली आठवण वाचली आणि तिच्याबरहुकूम खाडी पुन्हा खोदली. अनुदानाची अट एकच होती: खाडी पूर्वीसारखीच हवी.

तिवरांचा ओला, खारट वास आला आणि आजीचे डोळे भरले. पायांनी तळाच्या तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, चाचपत ती पुढे सरकली. पाणी गळ्याशी आलं. तिचा उजवा हात आपोआप वर गेला, कुणाचं तरी बोट शोधत.

“आजी, तसंच आहे ना?” तन्वीरने विचारलं. “ओहोटीलाही गळ्याइतकं पाणी!”

“अगदी तसंच आहे, बाबा. पण तेव्हा मी सहा वर्षांची होते. बापसाचं बोट धरून तिसऱ्या काढायला यायचे.” आजी हसली. “माझ्या गळ्याशी यायचं तेच पाणी त्याच्या कमरेला लागायचं. आता इथे तिसऱ्या काढायला बायका उतरल्या तर बुडतील. खाडी त्याच्या मापाची कर.”

तन्वीरने मान डोलावली. आजीने मात्र हात खाली घेतला नाही.