हुंकार

अमेरिकेतल्या लेकाने दगडूआबांना इंग्रजी शब्द पाठ करायला दिले होते. "मिहिका बोलायला लागली की 'वॉव' म्हणा, 'ऑसम' म्हणा. नाहीतर तिला वाटतं, आबा ऐकतच नाहीत." नातीला मराठी येत नव्हतं, आबांना इंग्रजी.

रविवारी मोबाइलच्या पडद्यावर मिहिका बराच वेळ बोलली. ती थांबली तसे आबा ठसक्यात म्हणाले, "ऑसम!"

तिचा चेहरा पडला. ती उठून गेली.

"आबा, असं काय करता? मांजर मेली तिची. तेच सांगत होती," लेक म्हणाला.

"बोलाव तिला. आणि तुझे शब्द तुझ्यापाशीच ठेव."

लेकाने समजूत घालून तिला आणलं. ती मुसमुसत पुन्हा सांगू लागली. मेंढ्या राखताना रात्री थोरल्यांच्या गोष्टींना हुंकार द्यायचे, तसा आबांनी तिच्या प्रत्येक वाक्याला दिला. "हं... हं."

तिचं सांगून झाल्यावर आबांनी आपला राखणीचा कुत्रा कसा गेला ते मराठीतच सांगायला घेतलं. त्याला बाभळीखाली पुरलं, एवढं बोलून ते थांबले.

पडद्यातून हळूच आवाज आला, "हं?"