न थरथरलेला आवाज

मीटिंगमध्ये उभं राहिलं की रूपालीचा आवाज थरथरायचा. शेजारी बसणाऱ्या निर्मलाताईंनीच तिला हाताला धरून जामबागला संभाषणकौशल्याच्या वर्गात नेलं होतं. “परेशान होऊ नको गं, बोलशील,” म्हणाल्या होत्या. रूपाली बोलायला लागली, वर्षभरात टीमची प्रमुख झाली. आज साहेब म्हणाले, “निर्मलाताईंना कामावरून कमी करतोय. तूच सांग, तुझ्याइतकं नीट कुणाला जमणार?” केबिनमध्ये तिने ताईंच्या डोळ्यांत पाहिलं, सावकाश, स्पष्ट शब्दांत सगळं सांगितलं, शिकवल्याप्रमाणे थांबली आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. आवाज एकदाही थरथरला नाही. ताईंनी घोटभर पाणी घेतलं, पदराने ओठ टिपले. “छान बोललीस,” त्या म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेल्या. समोरचा रडला, चिडला, भांडला तर काय म्हणायचं, ते वर्गात शिकवलं होतं. रूपालीला ‘थांबा’सुद्धा म्हणता आलं नाही.