नवख्यांसाठी राखून ठेवलेली चूक

"दहा मिनिटांचं काम आहे, जिन्सी. तूच करून टाक ना," बिजोयचेट्टन फोनवर म्हणाला.

"म्हणूनच करत नाही," जिन्सी म्हणाली. "सोपी कामं आपणच संपवली, तर नवीन मुलांनी हात कशावर बसवायचा? मी त्यावर 'नवख्यांसाठी' अशी चिठ्ठी लावलीय. फहमिदा करेल."

"चिठ्ठी लावून महिना होत आला."

"ज्या नर्सने कळवलं तिला सांगितलंय, तोवर फोन आडवा धर म्हणून. एवढी लांब नावं असतात तरी किती मुलांची?"

बिजोयचेट्टन हसला. "बरं बाई. गुरूची गुरू तू."

'ताराट्टु', म्हणजे अंगाई, हे काही हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट वापरायचं सॉफ्टवेअर. पाला गावातल्या आणि आसपासच्या छोट्या दवाखान्यांत नर्सा फोनवर मुलांची माहिती उघडायच्या ती त्यातच. वर मुलाचं नाव, खाली एक लाल पट्टी: या मुलाला कोणतं औषध चालत नाही ते सांगणारी. नाव लांब असून दुसऱ्या ओळीवर गेलं, की पट्टी खाली ढकलली जाऊन दिसेनाशी व्हायची. चूक होती ती एवढीच.

ती पट्टी जिन्सीनेच लिहिली होती. एस्तेर सात महिन्यांची असताना पेनिसिलिनच्या एका डोसने तिचा चेहरा एवढा सुजला की डोळे उघडेनात. त्यानंतर लेक झोपली की जिन्सी लॅपटॉप उघडून बसायची. तेव्हा तिला हे काम शिकवणाऱ्या बिजोयचेट्टनने तिच्यासाठीही एक सोपी चूक राखून ठेवली होती आणि शेवटपर्यंत त्या चुकीला हात लावला नव्हता. ते ती विसरली नव्हती.

आता फहमिदाची पाळी होती. मलप्पुरमच्या पॉलिटेक्निकमधली पहिल्या वर्षाची मुलगी. आज संध्याकाळी सहाच्या आत तिची एक तरी दुरुस्ती स्वीकारली गेली, तर सहा महिन्यांची इंटर्नशिप. नाहीतर सुट्टीभर मामाच्या कापडदुकानात बसायचं, हे घरी ठरलेलं.

"चेची, मी सगळं उडवलं बहुतेक," पडद्यावर फहमिदा ओढणीचं टोक चावत होती. जिन्सीला ती चेची, म्हणजे ताई, म्हणायची.

"काही उडत नाही. पाणी पी. काय दिसतंय ते मोठ्याने वाच."

तेवढ्यात जिन्सीची सासू, अम्मच्ची, एस्तेरला कडेवर घेऊन दारात आली. "मोळे, पोरी, अंग तापलंय हिचं. सारखी कान ओढतेय."

जिन्सी उठलीच. तिने लेकीच्या मानेला हात लावला, कपाळाला लावला, पुन्हा मानेला. मग पडद्याकडे बघितलं.

"तू बस," अम्मच्ची म्हणाली. "तुझ्या फुकटच्या नोकरीला रजा नसते, माहितीय मला. दवाखाना समोर तर आहे. मी काय रस्ता चुकणार आहे?"

"नको, मीच येते."

"आणि ती पोर? रडेल आता. बस म्हटलं ना! फक्त ते औषध काय ग, हिला द्यायचं नाही ते? माझ्या जिभेवर बसतच नाही मेलं."

"पेनिसिलिन. पण तुम्ही सांगितलं नाही तरी चालेल, अम्मच्ची. तिथे आपोआप लाल दिसतं." डिसेंबरच्या लसीला तिने स्वतः वाकून बघितलं होतं. वर 'एस्तेर टी.', खाली लालभडक पट्टी.

"एस्तेर टी.!" अम्मच्चीने नाक मुरडलं. "बाप्तिस्म्याचं एवढं सुरेख नाव, मागे घराण्याचं नाव, आणि ही म्हणे टी.!"

"अम्मच्ची, भांडण नंतर. टोपी घाला तिला."

त्या दोघी फाटकातून बाहेर पडेपर्यंत जिन्सी खिडकीत उभी राहिली. मग खुर्चीत येऊन बसली.

फहमिदाची पहिली दुरुस्ती चालली नाही. दुसरीने नावच गायब झालं. "हे बरंय," जिन्सी म्हणाली, "नावच नाही तर लांबीची भानगडच नाही." फहमिदा रडता रडता हसली. जिन्सीला चूक नेमकी कुठे आहे ते दिसत होतं. बोटं शिवशिवत होती. तिने हात मांडीखाली दाबून धरले.

बिजोयचेट्टनचा निरोप आला: 'अजून नाही? दे इकडे.'

'हात लावू नका,' तिने कळवलं.

सहाला थोडाच वेळ उरला असताना फहमिदा ओरडली, "चेची, जमलं वाटतं! एखादं लांब नाव सांगा ना, करून बघते."

जिन्सीला अम्मच्चीचं मुरडलेलं नाक आठवलं. "लिही. एस्तेर मरियम कुन्नत्तुपरम्बिल तोमस."

नाव दोन ओळींत बसलं. त्याखाली ठसठशीत लाल पट्टी उमटली.

जिन्सीने दुरुस्ती स्वीकारली. "झालं! उद्या सकाळी सगळ्या दवाखान्यांत पोचेल तुझं काम. मामाला सांग, दुसरा माणूस बघा म्हणून."

फहमिदा खुर्चीतून उडीच मारून उठली. मागे तिची आई कुणाला तरी मोठमोठ्याने बातमी सांगत होती.

फाटक वाजलं. अम्मच्ची आत आली. एस्तेर तिच्या खांद्यावर गाढ झोपली होती.

"कान सुजलाय म्हणाले. इंजेक्शन दिलं. रडली थोडी, मग रस्ता ओलांडेपर्यंत मान टाकली बघ. आणि या उन्हाने गळाभर घामोळं उठलंय."

"नर्सने लाल पट्टी बघितली ना?" जिन्सीने पडद्यावरची नजर न हलवता विचारलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं.

"लालबिल मला तर काही दिसलं नाही बाई. पण नाव बघ जाऊन, काय शोभतंय!" अम्मच्ची कौतुकाने म्हणाली. "मागच्या लसीला मी एकटी गेले होते ना, तेव्हाच बदलून घेतलं त्या नर्सकडून. पूर्ण लिही म्हटलं, घराण्यासकट. फोनवर चांगल्या दोन ओळी भरतात!"