शेजारचे आजोबा

"आई, फोन हलवू नको. आणि काही झालं तरी तोंड उघडू नको," केविनने बजावलं. रेजिना भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चर्चमध्ये मेणबत्ती धरावी तसा तिने दोन्ही हातांनी फोन धरला होता.

फोनमध्ये जपानमधल्या एका वृद्धाश्रमाच्या बाई बसल्या होत्या. नोकरीवर घेण्याआधी त्यांना बघायचं होतं, हा वसईचा मुलगा आजारी माणसाला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत कसा बसवतो ते. आणि खाटेवर होते केविनचे बाबा, क्लेमेंट.

निर्मळ गावातल्या त्या घरात वर्षभर जपान नांदत होतं. चपला दाराकडे तोंड करून जोडीने ठेवायच्या. जेवायला बसताना हात जोडायचे, तेही जपानीतून पुटपुटत. अंगणातल्या वाळूवर केविन दाताळ्याने सरळ रेघा ओढी, आईच्या कोंबड्या त्या विस्कटून टाकीत, आणि तो निमूटपणे पुन्हा ओढायला बसे. वाडीतले गडी हसत, "काय जपानी, आज केळीलापण नमस्कार केलास काय?" पण जपानीच्या शिकवणीत त्याला केबिन-सान, म्हणजे जपानी उच्चारातले केविनराव, म्हणत, आणि ते नाव कानावर पडलं की त्याचा ताठा वेगळाच होई. केबिन-सानला केळीचे घड उतरवायचे नव्हते. केबिन-सानच्या घरी खाटेखाली भांडं नव्हतं.

"शित्सुरेई शिमास," म्हणत तो बाबांपुढे कमरेत वाकला. तुम्हाला हात लावतोय, माफ करा, असं त्याचं सांगणं. रोज सकाळी तो बाबांना असंच म्हणून उठवी आणि रोज रेजिना म्हणे, "मराठीत कधी बापाला एवढ्या मानाने विचारलं नाहीस रे." आज तिने फक्त फोन सरळ धरला.

त्याने बाबांचे हात आपल्या गळ्यात घेतले, गुडघे वाकवले, मनात मोजलं आणि उचललं. बाबांचा गाल त्याच्या गालाला लागला. ईस्टरआधीच्या उपवासकाळात हाच माणूस गावोगाव कीर्तनं करी. बायबलातला घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, बाप रस्त्यातच धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो, तिथे आलं की क्लेमेंट मुद्दाम थांबत. झांजा थांबत, आणि मांडवातल्या बायका डोळ्यांना पदर लावीत. आता लकव्याने उजवं अंग गेलं होतं आणि बोलणंही; डावा हात तेवढा ताब्यात होता. सूर लावला तरच एखादा शब्द बाहेर येई. उजव्या हाताची मात्र एक खोड उरली होती. काही सापडलं की तो आपोआप आवळला जाई आणि मग सुटत नसे.

आजही तेच झालं. खुर्चीत बसता बसता त्या हातात केविनने मुलाखतीसाठी बांधलेला टाय आला. केविन घाबरला नाही. त्याने गुडघ्यावर बसून एकेक बोट हळूहळू उलगडलं, हात मांडीवर ठेवला आणि वरून थोपटला. फोनमधल्या बाईंचा चेहरा उजळला.

"फार छान, केबिन-सान," त्या जपानीत म्हणाल्या. "हे आजोबा कोण?"

शिकवणीतल्या सरांनी बजावून ठेवलं होतं, घरात आजारी माणूस आहे हे चुकूनही सांगायचं नाही. तिकडच्या लोकांना वाटतं, पोरगा अर्ध्यातून परत पळणार.

"शेजारचे आजोबा," केविन जपानीत म्हणाला. "सरावासाठी येतात."

आईला जपानी कळत नव्हतं. पण बाबा वर्षभर याच खाटेवर पडून केविनचे धडे ऐकत आले होते. हे बाबा, ही आई, हे शेजारी, हे तर अगदी पहिल्या आठवड्यातलं. केविनची मान काही केल्या बाबांकडे वळेना.

मग खुर्चीतून खोल सूर निघाला. कीर्तन सुरू करताना लावत, तोच. बाबांनी मान झुकवली, परक्या माणसापुढे झुकवावी तशी, अदबीने, आणि त्या सुरावर आभाराचा एकेक जपानी शब्द ठेवला.

"आरिगातो... केबिन-सान."

बाई हसल्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. "आजोबांना तुम्ही किती आवडता! या तुम्ही, केबिन-सान. आमच्याकडचे आजी-आजोबा तुमची वाट पाहतील."

केविन खुर्चीला खेटून उभा राहिला आणि कमरेतून खोल वाकला. समोरच्याने फोन ठेवेपर्यंत मान वर करायची नाही, ही तिकडची रीत. त्याला फरशी दिसत होती, आईच्या पायांची बोटं दिसत होती. जे मागितलं होतं ते मिळालं होतं.

"गेली रे ती," रेजिना म्हणाली. तिने फोन खाली केला होता. "घेतलं ना तुला? मग हो की उभा."

तो सरळ होऊ लागला आणि गळ्याला हिसका बसला. टाय ताणलेला होता. पुन्हा तीच खोड, असं म्हणत त्याने वाकल्या वाकल्याच सवयीने बाबांचा उजवा हात चाचपला, बोटं सोडवायला.

उजवा हात मांडीवर होता, त्याने ठेवला होता तसाच, उघडा आणि रिकामा.

टाय डाव्या मुठीत होता.