चार नंबरची कुपी

खरं तर चार नंबरच्या तेलाबद्दल तो काही लिहिणारच नव्हता. संध्याकाळ झालेली, एक लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली, हात ग्रीसने माखलेले. पण सुटा भाग घेऊन येणारा माणूस येईना. मग लिफ्टच्या खड्ड्याच्या काठावर बसल्या बसल्या त्याने अंगठ्याने टाइप केलं.

"सकाळी जे, संध्याकाळी तेच. खरं ऊद तेल दिवसात तीनदा तोंड फिरवतं. सकाळी गोठ्याचा वास, दुपारी चामडं, संध्याकाळी मध. हे जागचं हललं नाही. कारखान्यातला माल आहे. ज्याने कुणी जपून ठेवलंय, त्याला छान बनवलंय."

अकरा जणांचा ग्रुप. रोज सकाळी नऊच्या आत लिहायचं, आज अंगावर कोणतं तेल लावलं आणि ते काय म्हणतंय. संध्याकाळी परत लिहायचं, उरलं काय. गोडगोड लिहायचं नाही, हा नियम. तो शिकला होता सगळं स्वतःच, कुपी कुपी हुंगून, आणि कुणाचीच भीड ठेवायचा नाही, म्हणून त्याचं नाव करवत. त्या संध्याकाळी बसड्रायव्हरने हसून लोळणारे सात चेहरे टाकले. "करवत चालली!" औषधवाल्या ताई म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, पण म्हटलं आपण कशाला बोला."

पाच कुप्यांवर नुसते नंबर चिकटवून त्या पारखायला सगळ्यांना पाठवल्या होत्या ग्रुपमधल्या घड्याळजीने. त्यानंतर त्याने ग्रुपवर सकाळचं लिहिणंच सोडलं.

सहाव्या दिवशी करवत त्याच्या दुकानात गेला. पुढे दुकान, मागे घर. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळावर वाकला होता. मान वर केली नाही.

"रुसलास का रे?"

"चार नंबर बाबांचं होतं."

करवत स्टुलावर बसणार होता, तो तसाच उभा राहिला.

"मग आधी सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं, तर खरं लिहिलं असतंस?" घड्याळजीने चिमट्याने एक चाक उचललं. "मला खरं तेच हवं होतं. मिळालं. जपून ठेवणारे बाबा."

"अरे, मला काय माहीत…"

"तुझं काही चुकलं नाही. एका गिऱ्हाइकाने बाबांना खूश होऊन दिलं होतं. बावीस वर्षं माणूस एकेक थेंब पुरवत होता. माझ्या निकालाला एक थेंब, ताईच्या लग्नाला एक थेंब. बनवलं ते त्यांना."

आतला पडदा सरकला. घड्याळजीची आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"हाच का रे तो नाकवाला?"

"हाच. नाकाने कांदे सोलतो," घड्याळजी म्हणाला. भिंगाखाली तोंड हसलं, पण तेवढ्यापुरतंच.

"बरं झालं बाई आलास. हे गेल्यापासून मी रोज लावते. म्हटलं, ठेवून कुणासाठी ठेवायचं?" तिने मनगट पुढे केलं. "याने तुमच्या परीक्षेला थोडं दिलं ना? लोक काय म्हणाले ते सांगतच नाही. म्हणतो, करवत येईल तेव्हा तोच वाचून दाखवेल."

करवतने घड्याळजीकडे पाहिलं. घड्याळजी चाक बसवत होता. चाक काही बसत नव्हतं.

करवतने फोन काढला. वर त्याचं लिहिलेलं, खाली ते सात चेहरे.

"वाच ना."

"लिहिलंय की… सकाळी लावल्याबरोबर जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडावं तसं. आत कुणाचे तरी धुतलेले कपडे, घडी घालून ठेवलेले." अंगठा उगीचच काचेवर फिरत होता. "सगळ्यांना आवडलं. ड्रायव्हर आहेत एक आमच्यात, ते तर खुळावलेच."

"आणि संध्याकाळचं? तुम्ही संध्याकाळचंही लिहिता म्हणे."

करवतने फोन खिशात घातला. काकू स्वतःच म्हणाली, "संध्याकाळी तसंच असतं की नाही? मी याला कधीची सांगतेय. सकाळी लावा, दिवे लावायच्या वेळी हुंगा, तेच. आमचे हेही तसेच होते रे. सकाळी जसे, संध्याकाळी तसेच. एक दिवस बदलले नाहीत."

"हो काकू," करवत म्हणाला. "तसंच लिहिलंय."

काकूने पदराने डोळे टिपले, मग त्याचा हात ओढून मनगटावर बोट टेकवलं. "घे, तूही लाव. आणि एक काम कर. ते सगळं मला कागदावर उतरवून दे. यांच्या फोटोखाली ठेवीन. खाली तुझं नाव घाल. हा म्हणतो, तुझ्या नाकापुढे कुणी बोलत नाही."

ती आत गेली. घड्याळजी दारापर्यंत सोडायला आला.

"तूच लिही ना यार," करवत हळूच म्हणाला. "मी नुसतं उतरवून खाली सही करतो."

"मी गोडगोड लिहीन." घड्याळजीने आता कुठे भिंग काढलं. डोळ्याभोवती लाल गोल वळ उठला होता. "ते लगेच कळतं. तू लिहिलंस की खरं वाटतं. उरकून टाकू नकोस मात्र. सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं, सगळं नीट लिही."

करवतने मनगट नाकाशी नेलं आणि खाली घेतलं.

"उद्या नऊच्या आत," तो म्हणाला. "सहीसकट. शब्द देतो."