काळ्या डोंगरावरची चेटकीण

तलाक होऊन अन्वरी उमरग्याला माहेरच्या रिकाम्या घरी परतली, तेव्हापासून शेजारणी शिवायचे कपडे दारातूनच देऊन जायच्या. मोठा भाऊ खाजाभाई ट्रक घेऊन हैदराबादला जायचा, येताना चित्रकथांची पुस्तकं उंबऱ्यावरूनच तिच्या हातात ठेवायचा. त्यातले खलनायक तिचे लाडके होते: एकडोळ्या दरोडेखोर, विष विकणारा हकीम आणि सगळ्यांत आवडती, काळ्या डोंगरावर एकटीच राहणारी चेटकीण. एकदा त्यानं राजकन्येची गोष्ट आणली. अन्वरीनं ती परत केली. “भाई, मला चेटकीणच आणा.” तो हसला. “लई दुष्ट हाय ती! दर पुस्तकात राजपुत्र येतो अन् तिला मारून जातो.” “व्हय,” अन्वरी म्हणाली, “पण मारायला का व्हईना, तिच्या घरात कुणीतरी येतं की.” खाजाभाईचं हसू मावळलं. चपला काढून तो आत आला, सतरंजीवर बसला आणि म्हणाला, “चहा टाक.”